पाचवीची रांग

फाटकातून आत शिरलं की आधी ग्रोटो लागतो. काळ्या दगडांची कपार, आत निळ्या शालीतली पवित्र मरिया, पायाशी मोगऱ्याचे गजरे. वसईतली शाळा, गजऱ्यांना तोटा नाही. मुलं इथे क्षणभर थबकतात. कुणी क्रुसाची खूण करतो. कुणी चपला काढून नमस्कार करतो. एक मुलगी दप्तर सावरत नुसती मान लववते आणि पळते. वॉचमन यातल्या कुणाकडेच पाहत नाही. त्याचं लक्ष रिक्षांवर.

जूनची 21 तारीख. पाऊस एकदा येऊन गेलाय आणि आता दडी मारून बसलाय. सात वाजलेत, शर्ट पाठीला चिकटलाय. मैदानात ओळी लागतात. राष्ट्रगीत होतं, प्रतिज्ञा होते, मग प्रार्थना. आज योग दिन, म्हणून वृक्षासन. तीन-चारशे मुलं एका पायावर डुलतात. पांढऱ्या झग्यातले फादर पहिल्या ओळीच्या बाजूला उभे राहून तेच करतात आणि मुलांच्या आधी तोल घालवतात. हशा पिकतो.

नववीतली मुलगी माईकपुढे येते. आज संत अलोयसियस गोंझागा यांचाही सण. कागदावरून ती भरभर वाचते: सरदार घराण्यातला थोरला मुलगा, वारसा सोडून संन्यासी झाला, रोममध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना 1591 साली वारला. वय 23. विद्यार्थ्यांचा आश्रयदाता संत. ‘प्लेग’ हा शब्द ती दोनदा अडखळून वाचते. मागच्या ओळीत कुणीतरी कुणाचा तरी बूट सोडवतोय. योग आणि संत एकाच सकाळी एकाच मैदानावर उरकतात, आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नाही.

घंटा. आठवीचा वर्ग. पहिला तास मूल्यांचा. बाई येतात तशी सात मुलं उठतात आणि पलीकडच्या खोलीत जातात. ती कॅथलिक, त्यांना तिकडे धर्मशिक्षण. चाळीसेक जण बसून राहतात, त्यांना नीतिशिक्षण. शाळा अनुदानित आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत संमतीशिवाय कुणालाही धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, हे राज्यघटनेचं कलम 28. इथे ते कलम म्हणजे बाकांचा खडखडाट आणि दाराशी थोडी ढकलाढकल.

बाई फळ्यावर काही लिहीत नाहीत. विचारतात, “खिडकीची काच तुझ्या हातून फुटली. कुणी पाहिलं नाही. सांगशील?”

“सांगितलं तर भरून द्यावी लागेल, बाई.”

“किती?”

“दोनशे.”

“म्हणजे खरं बोलायचे दोनशे रुपये. परवडतील?”

वर्ग विचारात पडतो. मागच्या बाकावरून आवाज येतो, “हप्त्याने चालेल का?”

बाई हसतात, पण प्रश्न सोडत नाहीत. हप्ता कोण भरणार, आई की तू? आता खरी चर्चा सुरू होते. भिंतीवरच्या सुविचारांत यातलं काहीच नाही.

मी व्हरांड्यातून ऑफिसकडे निघतो. वाटेत काचेच्या चौकटीत ‘शाळेचे ध्येय’. सर्वांगीण विकास, सेवा, शिस्त, प्रेम. काचेवर धूळ. ही भाषा ओळखीची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी शिक्षणावर जो जाहीरनामा काढला, त्याचा वास तिला आहे. मुलाचे पहिले शिक्षक आईबाप, असं त्यात म्हटलंय. शाळेने कुणाची खास काळजी वाहायची, तेही सांगितलंय: ज्यांच्याजवळ पैसा नाही, ज्यांना घरची माया नाही, ज्यांची ही श्रद्धाच नाही. हा भाग चौकटीत आलेला नाही.

तो चौकटीखालच्या बाकावर बसलाय. पाचवीच्या प्रवेशाची रांग आहे. जिल्हा परिषदेची शाळा चौथीला संपली की पोरं इकडे येतात. पाड्यावरून आलेला वारली बाप. मराठवाड्यातून बांधकामावर आलेलं जोडपं, बाईच्या कडेवर तान्हं. दुसऱ्याच्या वाडीत भाजी खुडणारी एक आजी. हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत दाखले. पंखा फिरतो, वारा बाकापर्यंत येत नाही. पाण्याच्या पिंपाला साखळीने बांधलेला पेला आहे, तो हातोहात फिरतो.

मैदानापलीकडे इंग्रजी माध्यमाची इमारत. तिथली रांग लांब, आणि हातात फायली. लाल लुगड्यातली एक म्हातारी नातवासाठी बसलीय. “मी हिकडेच शिकले, मराठीत, सातवीपर्यंत,” ती मला सांगते आणि या कौलांकडे बोट दाखवते. नातू मात्र तिकडेच जाणार. कॅथलिक घरांतली बहुतेक मुलं आता तिकडेच आहेत. त्या रांगेत 25 टक्के राखीव जागांची सक्ती नाही. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळा शिक्षणहक्क कायद्याबाहेर ठेवल्या. गरिबाला घ्यायचं की नाही, हे तिथे कॅबिनमधल्या माणसाच्या मनावर. मूल्यांची परीक्षा मला नीतिशिक्षणाच्या तासापेक्षा त्या कॅबिनच्या दाराशी अवघड वाटते.

बारा वाजतात. शेजारच्या चर्चची अँजेलसची घंटा. क्लार्कची बोटं कीबोर्डवर थांबतात. सिस्टर दारात येऊन उभ्या राहतात, ओठ हलतात. बाकावरची माणसंही उठतात, सगळे उठले म्हणून. तान्हं रडायला लागतं. मिनिटभरात सगळे खाली बसतात आणि प्रिंटर पुन्हा घरघरतो.

वारली बापाचा नंबर येतो. तो सिस्टरनाच विचारतो, “पोराला तुमची प्रार्थना करायला लागंल का?”

“उभं राहायला लागेल. हात जोडायचे की नाही, ते त्याचं तो बघेल.”

तो पोराकडे बघतो. पोरगा पंख्याकडे.

“नि पैसं?”

“पुस्तकं सरकारची मिळतात. वह्यांचं आम्ही बघू.”

क्लार्क कागद चाळतो. दाखला आहे. आधार आहे. फोटो दोन हवेत, एकच आहे. उद्या आणतो, बाप म्हणतो.

“उद्या परत खाडा करणार?” क्लार्क खेकसतो, आहे तो फोटो चिकटवतो, आणि दुसऱ्या चौकोनावर शिक्का मारून टाकतो. “पुढचे कोण?”