मेघातील दप्तर

बोस्टनहून न्यूयॉर्कला निघालेल्या बसमध्ये ड्रू ह्यूस्टन हा अमेरिकन तरुण संगणक उघडून कामास बसला. पाहतो तो फायलींचा पेनड्राइव्ह घरीच राहिलेला! या अडचणीतून ‘ड्रॉपबॉक्स’ची कल्पना त्याला सुचली. २००८ साली ही सोय सर्वांस खुली झाली.

अशा साठवणीस ‘क्लाउड’, म्हणजे मेघ, म्हणतात. पण ती आभाळात नसते. दूरच्या इमारतींत अहोरात्र चालणाऱ्या संगणकांत ती असते. ड्रॉपबॉक्स प्रत्येक फाइलीचे फार तर चार मेगाबाइटचे तुकडे करून इंटरनेटवरून तेथे धाडतो. पुढे एखादी ओळ बदलली, तर केवळ बदललेला तुकडा तेथे जातो आणि तेथून आपल्या इतर संगणकांवर उतरतो. म्हणून सर्वत्र एकसारखीच फाइल दिसते.

मात्र मुलांनो, हा सेवक आज्ञाधारक असला, तरी विवेकी नाही. एका ठिकाणी फाइल पुसली, की तो ती सर्व ठिकाणची पुसतो! काही दिवस ती परत मिळवता येते, पुढे नाही. यास्तव आजीच्या आवाजातील ओव्यांसारखा अमोल ठेवा मेघात असला, तरी त्याची एक प्रत निराळी जपून ठेवावी.