आधी बंपर वाकला पाहिजे

सकाळी सहा. एल काहोन हे गाव सॅन डिएगोच्या पूर्वेला. इथून इंटरस्टेट आठ धरला की अडीच-तीन तासांत इम्पीरियल सँड ड्यून्स. ऑक्टोबर लागला की वाळूचा हंगाम सुरू होतो आणि आमच्या छोट्या मशीनशॉपात स्पोर्ट एटीव्हीच्या बंपरची कामं येऊन पडतात. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत त्या ड्यून्समधल्या ग्लॅमिसला वाळूवर गावच वसतं. त्याच्या आत प्रत्येकाला आपली गाडी तयार हवी असते.

शटर वर केलं की पहिल्यांदा मशीन चालू करायचं. थंड स्पिंडलवर मी कधीच काम लावत नाही. आधी कमी फेऱ्यांवर, मग हळूहळू वाढवत त्याला नुसता फिरू देतो. तेवढ्या वेळात कूलंट बघून होतं आणि टेबलावरचा कालचा चुरा निघतो.

सात वाजता मापं. आजची गाडी यामाहा बॅन्शी. 1987 साली बाजारात आलेली, 347 सीसीची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. अमेरिकेत तिची विक्री 2006 च्या मॉडेलनंतर थांबली, पण तिच्यावर जीव टाकणारे लोक थांबलेले नाहीत. इतक्या जुन्या गाडीची फ्रेम कुठे ना कुठे ठोकलेली, झाळलेली असतेच. म्हणून तयार बंपर आणला तर त्याची भोकं जुळत नाहीत. हिचं डावं भोक उजव्यापेक्षा साठ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे दीड मिलिमीटर मागे निघालं. भोसरीत मी मिलिमीटरवर शिकलो, इथे सगळा कारभार इंचांचा, त्यामुळे दोन्ही आकडे एकदमच डोक्यात येतात. बंपर त्या दीड मिलिमीटरसकट बनवायचा. बोल्ट आवळून फ्रेमला ओढून घेणं मला मान्य नाही. ताण घेऊन बसलेला भाग पहिल्या दणक्यालाच तडकतो.

साडेआठला प्लेट टेबलावर. 6061-टी6, तीन अष्टमांश इंच जाड. पोलादाच्या साधारण एकतृतीयांश वजनाची. याच कामासाठी मी या धंद्यात टिकलोय. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं म्हणून सोपं, असं समजणाऱ्याचं टूल हमखास भरतं. चिप बाहेर पडली नाही तर ती तापते, धारेला चिकटते आणि तोच गोळा पुढचा पृष्ठभाग ओरबाडत जातो. म्हणून तीन धारांचं कार्बाइड एंडमिल, म्हणजे धारांमधली खोबण मोठी राहते आणि चिपला वाट मिळते. फेऱ्या चढ्या, फीड भरपूर, कूलंटचा झोत थेट कापावर. आवाज एकसारखा असला की समजावं ठीक चाललंय. चरचर ऐकू आली की माझा हात आधी फीडच्या बटणाकडे जातो.

बाजूच्या दोन प्लेटींत खिसे काढतो. ही नुसती शोभा नव्हे. जिथून मार जातो तिथे बरगड्या जाड ठेवायच्या, बाकीचं काढून टाकायचं. आतल्या कोपऱ्यांना मोठी त्रिज्या द्यायची, कारण तडा टोकदार कोपऱ्यातूनच सुरू होतो. आणि फ्रेमला जोडणारी पट्टी मुद्दाम वेगळी, बोल्टने लावायची आणि मधे कंबरेसारखी अरुंद. गिऱ्हाईक नेहमी ‘सगळ्यात मजबूत’ बंपर मागतं. मी समजावतो, की बंपर वाकलाच नाही तर तो धक्का फ्रेमच्या नळ्यांत जाईल. बंपरमागे रेडिएटर आहे, त्यामागे फ्रेम आहे. आधी पट्टी वाकली पाहिजे, मग प्लेट, आणि फ्रेमची पाळी येताच कामा नये.

बाराला डबा.

साडेबाराला सकाळच्या प्लेटी मोजतो, त्याआधी हात लावत नाही. मशीनवरून उतरलेली चौदा इंची प्लेट वीस अंश सेल्सिअसने गरम असेल, तर ती साडेसहा थाउ लांब भरते. गरम माप घेऊन नापास केलेले चांगले जॉब मी दुसऱ्या शॉपांत पाहिलेत.

दीड ते तीन लेथवर. पुढच्या आडव्या नळ्यांत बसणारे गुल्ले टर्न करून त्यांत आटे पाडायचे, म्हणजे नळ्या प्लेटींना बोल्टने जोडता येतात. वेल्ड का नाही, हे रोज कुणीतरी विचारतंच. टी6 ची ताकद भट्टीतल्या संस्कारातून आलेली असते. वेल्डच्या उष्णतेने सांध्याशेजारचा भाग पुन्हा नरम पडतो, त्याची ताकद जवळपास निम्मी होते. म्हणजे गाडी कुठे मोडेल हे आपण ठरवायचं, ते वेल्ड ठरवतो. हौशी गिऱ्हाईक रंगीत अ‍ॅनोडाइझ करणार असेल तर आणखी एक गोष्ट: 4043 ची फिलर तार अ‍ॅनोडाइझच्या आम्लात काळपट पडते, सांधा दुरून दिसतो. वेल्ड करावाच लागला तर 5356 वापरायची.

तीननंतर कानस आणि पॉलिश पेपर. प्रत्येक कडेला बोट फिरवून बघतो. गाडी उलटली तर हीच कड कुणाच्या तरी नडगीवर येणार, हे मनात असलं की घाई होत नाही. दिवसातलं सर्वांत कमी कौतुकाचं काम हे, आणि मालकाला त्याचा वेळ बिलात दाखवता येत नाही. तरी यात काटकसर नाही.

साडेचारला बंपर गाडीवर. चारही बोल्ट हाताने, पाना न लावता आत गेले, म्हणजे ते दीड मिलिमीटर बरोबर पकडलं गेलं. स्टेनलेसचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत कोरडे कधी घालत नाही. ते जाम होतात आणि खाऱ्या हवेत सांधा गंजायला लागतो, म्हणून अँटी-सीझची पेस्ट. मग टॉर्क पाना.

पाचला गिऱ्हाईक येतं. त्याच्या हातात जादा दोन पट्ट्या आणि त्यांचे बोल्ट देतो. वाकलेली पट्टी ठोकून सरळ करू नका, ती तडकते. नवी लावा आणि जुनी मला आणून दाखवा, असं सांगतो. ती किती आणि कुठल्या बाजूला वाकली, त्यावरून पुढच्या बंपरची कंबर किती अरुंद ठेवायची ते ठरतं.