रेहेकुरीची धूळ आणि झूम लेन्स

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८० पासून काळविटांसाठी राखलेलं आहे. काळवीट बुजरा, लांबूनच टिपावा लागतो. त्यामुळे इथे येणाऱ्या छायाचित्रकारांकडे लांब पल्ल्याची झूम लेन्स असतेच, आणि उन्हाळ्यात माळावरची धूळ तिची परीक्षा घेते.

निकॉनच्या २००-५०० सारखी लेन्स झूम करताना पुढे सरकते. तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते आणि हवेबरोबर बारीक धूळही. त्यामुळे चालताना ती पूर्ण मिटवून २०० वर लॉक करावी, नाहीतर स्वतःच्या वजनाने घसरत उघडते. सोनीच्या २००-६०० ची लांबी झूम करताना बदलत नाही. धुळीत हा मोठाच फायदा!

अशी दोन किलोंहून जड लेन्स कॅमेऱ्याच्या पट्ट्याने लटकवली की सगळा ताण माउंटवर येतो. पट्टा लेन्सच्या ट्रायपॉड कॉलरलाच अडकवावा.

काच शर्टाच्या टोकाने पुसणं तर नकोच. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड अगदी शेवटी.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भंडारदरा-घाटघरच्या पावसाळ्यात, धोका बुरशीचा. ओली लेन्स बॅगेत कोंडू नये. नीट कोरडी करून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी.