पहाटे तीनचा हीटर

गॅस हीटर घेताना बहुतेक जण फक्त थंडीचा विचार करतात. खरा विचार करायचा तो शेकणाऱ्या माणसाचा!

हिवाळा आला की आपल्या शहरी जनतेचे प्लॅन ठरलेले असतात. हुर्डा पार्टी, दौलताबादच्या किल्ल्यावरची सकाळ, नवं जॅकेट आणि 'काय सॉलिड थंडी पडलीये यार!' असे मेसेज. घरी आलं की रजई आहेच. पण ज्यांचं ऑफिसच उघड्यावर आहे, त्यांचं काय?

छत्रपती संभाजीनगरहून जालना रोडने निघा. चिकलठाणा, शेंद्रा एमआयडीसी, ऑरिकचे रुंद रस्ते मागे टाकले की विसेक किलोमीटरवर करमाड. एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला गहू-हरभऱ्याची रानं. इथे हिवाळ्याच्या रात्री जागणारे खूप असतात. रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणून पिकाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी, गेटवरचा वॉचमन, रात्रीचं काँक्रीट ओतणारी गँग आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे आमच्यासारखे साइट इंजिनीअर. गेल्या हिवाळ्यात याच पट्ट्यात आमची रात्रपाळी होती आणि टीमसाठी हीटर निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

तोवर आमचा हीटर म्हणजे शेकोटी! फुकट, गप्पांना मस्त, पण धुराने डोळे चुरचुरतात आणि वाऱ्याबरोबर ठिणग्या उडतात. साइटवर डिझेलचे ड्रम आणि पलीकडे कडब्याची गंजी असेल, तर ही गंमत परवडणारी नाही.

मोठा म्हणजे भारी, असं नाही

दुकानात किंवा ऑनलाइन गेलात की आधी आकडेच अंगावर येतात. परदेशी मॉडेलवर बीटीयू लिहिलेले असतात. सोपा हिशोब सांगतो. साधारण ३,४०० बीटीयू म्हणजे १ किलोवॉट. म्हणजे ९,००० बीटीयूचा हीटर अडीच किलोवॉटच्या थोडा वर.

आता करमाडची थंडी बघा. जानेवारीत दुपारी पारा २८-२९ अंशांपर्यंत जातो आणि लाट आली की रात्री १० च्या खाली उतरतो. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने गार होते. इथे बर्फ पडत नाही, पण वारं झोंबतं. आणि उघड्यावर हवा तापवायला जाणं म्हणजे गोदावरीत साखर टाकून सरबत करणं. तापलेली हवा वाऱ्याबरोबर बीडला!

म्हणून पंख्याने गरम हवा फेकणारा तोफेसारखा हीटर इथे कामाचा नाही. शिवाय त्याच्या पंख्याला वीज लागते. हॉटेलच्या लॉनवर दिसणारा उंच छत्रीवाला हीटर दिसायला झकास, पण वाऱ्यात डुलतो. उघड्यावर काम करतो तो सिरॅमिक जाळीचा रेडिएंट हीटर. याची जाळी तापून लालबुंद होते आणि उष्णता किरणांनी थेट समोरच्या माणसापर्यंत पोचते, जशी उन्हाची ऊब पोचते तशी. पाठीमागे वाऱ्याला आडोसा म्हणून पत्रा किंवा ताडपत्री लावली की तीन-चार माणसांना ३ किलोवॉट पुरे.

गॅसचं गणित

आपल्याकडे निव्वळ प्रोपेन सहसा मिळत नाही. आपल्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही वायू होतो, ब्युटेन मात्र शून्याच्या आसपासच थंडावतो. लडाखला जाणाऱ्यांनी याचं टेन्शन घ्यावं, करमाडला चालून जातं. पण एक गोष्ट इथेही लागू आहे. गॅस ओढला जातो तशी टाकी स्वतःच गार होत जाते. छोट्या टाकीवर दांडगा हीटर लावला, तर टाकीला दव धरतं, दाब पडतो आणि आत गॅस असूनही ज्योत मरगळते. हीटर आणि टाकीची जोडी जुळली पाहिजे, लग्नासारखी!

एक किलो एलपीजीतून साधारण पावणेतेरा किलोवॉट-तास उष्णता मिळते. म्हणजे ३ किलोवॉटचा हीटर तासाला पावशेरापेक्षा थोडा कमी गॅस खातो. ५ किलोची टाकी वीसेक तास, म्हणजे सात-सात तासांच्या तीन रात्री. १९ किलोची निळी व्यावसायिक टाकी ऐंशी तास. घरची १४.२ किलोची लाल टाकी साइटवर नेऊ नका, ती घरगुती वापरासाठीच आहे आणि धंद्याला वापरणं बेकायदा आहे.

टाकी घेताना तिच्या गळ्याजवळच्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात, ते वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ही टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत. ती उलटून गेली असेल तर टाकी परत करा. नळी आयएस ९५७३ छापलेली, आतून तारेची जाळी असलेली घ्या आणि पाच वर्षांत बदला. अमेरिकेतून भाऊजींनी आणलेला हीटर भारी दिसतो, पण त्याचे आटे आपल्या टाकीला बसत नाहीत. 'जुगाड करून देतो' म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार! हीटरवर लिहिलेला दाब आणि रेग्युलेटरचा दाब एकच हवा.

मामांचा प्रश्न

हे सगळं कागदावर मांडून मी खूश होतो. मग आमच्या गेटवरच्या मामांनी डेमोचा हीटर बघितला आणि एकच प्रश्न विचारला. "सायेब, पहाटचं हे आत सरकवलं तर चालंल का? दार लावून घेतो, वारं लई हाय."

माझ्या यादीत नसलेला मुद्दा हाच होता. हीटर बाहेरचा म्हणून घेतला, तरी पहाटे तीनला तो आत जाणारच. मामांची केबिन पत्र्याची, जेमतेम खुर्ची मावेल एवढी. गारठलेला माणूस त्या वेळी सूचनापुस्तिका वाचत बसत नाही.

आणि धोका कुठला आहे ते नीट समजून घ्या. गॅस गळला तर आपल्याला कळतं, कारण एलपीजीत मुद्दाम उग्र वासाचं रसायन घातलेलं असतं. पण बंद जागेत ऑक्सिजन कमी पडला की जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, झोप येते आणि झोप तर पहाटे तशीही येतच असते!

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दमन इथे केरळचे आठ पर्यटक, त्यात चार लहान मुलं, दारं-खिडक्या बंद करून गॅस हीटर लावून झोपले. सकाळी ते बेशुद्ध सापडले आणि आठही जण दगावले. उत्तर भारतात बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीने होणारे मृत्यू याच जातीचे.

मग घ्यायचं काय?

मामांच्या प्रश्नानंतर माझी यादी उलटी झाली. किलोवॉट खाली गेले, या गोष्टी वर आल्या:

• ऑक्सिजन सेन्सर : हवेतला ऑक्सिजन घटला की गॅस आपोआप बंद. हा नसेल तर हीटर कितीही स्वस्त असो, नको. आणि हा आहे म्हणून हीटर आत न्यायची परवानगी मिळते, असंही नाही.

• ज्योत विझली की गॅस तोडणारा थर्मोकपल : करमाडच्या वाऱ्यात याला सुट्टी नाही.

• आडवा पडला की बंद होणारा स्विच : रात्री अंधारात कोणाचा तरी पाय लागतोच.

• दणकट अंग : रुंद बैठक, जाड तारेची जाळी, हातमोजे घालून फिरेल असं बटण. सिरॅमिक पट्टी पिकअपच्या धक्क्याने तडकते, म्हणून वाहतुकीत तिला गोणपाटात गुंडाळा. धुळीने बर्नर चोंदतो. जाळी एकसारखी लाल न दिसता पिवळ्या ज्वाळा आणि काजळी आली, तर हीटर बंद करून साफ करून घ्या.

• अंतर : माणूस, कडबा, ताडपत्री सगळं किमान मीटरभर लांब आणि डिझेल त्याहून बरंच दूर. चमकणारं रिफ्लेक्टिव्ह जॅकेट पॉलिएस्टरचं असतं, ते वितळून अंगाला चिकटतं. आजोबांची लोकरी घोंगडी इथे आपल्या ब्रँडेड जॅकेटपेक्षा जास्त सेफ!

शेवटी आम्ही दोन वस्तू घेतल्या. उघड्यावरच्या गँगला ३ किलोवॉटचा रेडिएंट गॅस हीटर. आणि मामांच्या केबिनला, जिथे विजेचा पॉइंट होताच, छोटा तेलभरला इलेक्ट्रिक हीटर. बजेटच्या मीटिंगमध्ये 'वॉचमनला वेगळा हीटर कशाला?' असा सवाल आलाच. माझं उत्तर सोपं होतं. माणसाला आत ऊब दिली नाही, तर तो बाहेरची ऊब आत आणणार. 'आत नेऊ नये' असा बोर्ड लावून थंडी कमी होत नाही. केबिनमध्ये वीज नसेल तर दाराबाहेर तीन बाजूंचा आडोसा करा, वरचा भाग आणि एक बाजू उघडी ठेवा आणि बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म केबिनमध्ये टांगा.

अजून एक. गॅसगळतीसाठी १९०६ हा हेल्पलाइन नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवा, मराठीत आणि हिंदीतही, कारण गँगमधली अर्धी पोरं बिहार-यूपीची असतात.

या हिवाळ्यात तुमच्या सोसायटीच्या गेटवर, फार्महाऊसवर किंवा साइटवर हीटर घ्यायचा विचार असेल, तर ऑर्डर देण्याआधी एक काम करा. जो माणूस पहाटे तीनला त्याच्याजवळ बसणार आहे, त्याला विचारा, "मामा, हे तुम्ही कुठे ठेवाल?" त्याच्या उत्तरावरून ठरवा कुठला हीटर घ्यायचा ते.