आधी कागद, मग हातोडा

रमजान दोन महिन्यांवर आला होता आणि आम्ही न्हाणीघर फोडायला काढले. अम्मींच्या गुडघ्यांनी जवाब दिला होता. उकिडवे बसणे जमेना, म्हणून कमोड हवा होता आणि वजूसाठी बसायला ओटा. एवढ्याशा कामाला डिझायनर कशाला, असे म्हणून ओळखीच्या ठेकेदाराला काम सांगितले. सांगितले, लिहून दिले नाही.

आठवड्याने शाळेतून परतलो तर कमोड बसलेला, आणि बसणाऱ्याचे तोंड सरळ पश्चिमेला. किब्ल्याकडे! चार इंची पाइप तिकडून जवळ पडत होता, एवढेच कारण. ठेकेदाराला तरी काय बोलणार? आपल्याकडे कमोड उत्तर-दक्षिण ठेवतात हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. अम्मी काही बोलल्या नाहीत, पण शेजारच्या खालांकडे जाऊ लागल्या. नवी फरशी पुन्हा फोडावी लागली. पैसे दोनदा गेले. याला इसराफ नाही तर काय म्हणायचे?

डिझायनर की ठेकेदार, हा प्रश्न त्यानंतर आम्हाला नीट कळला. डिझायनर मापे घेतो, नकाशा काढतो, नळ, बटणे, ओटा कुठे आणि किती उंचीवर हे ठरवतो. ठेकेदार माणसे आणतो आणि काम उभे करतो. नुसता रंग किंवा जागच्या जागी फरशी बदलायची असेल तर चांगला ठेकेदार पुरे. स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर जागा बदलणार असेल तर आधी नकाशा हवाच. सगळे काम डिझायनरच्या हाती द्यावे लागते असे नाही. काहीजण फक्त नकाशाचे पैसे घेऊनही काम करतात, विचारायला संकोच करू नये.

भिंत काढायची असेल तर मात्र या दोघांच्याही भरवशावर राहू नका. कोकणातल्या जुन्या घरांत छपराचा भार जांभ्याच्या भिंतींवरच असतो. तिथे सिव्हिल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हातोडा लावू नये.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत. आम्ही ती कितीदा वाचली असेल! तरी ठेकेदारापुढे कागद काढायची शरम वाटली. दर मजुरीचा की मालासह, फरशी कोणती, राडारोडा कोण उचलणार, पैसे कोणत्या टप्प्याला, हे सारे कागदावर हवे. मजुराची मजुरी त्याचा घाम वाळण्याआधी द्यावी, ही हदीस आपण जाणतो. पण केलेल्या कामाची मजुरी वेगळी आणि न झालेल्या कामाचा आगाऊ पैसा वेगळा. हदीस ऐकवून कोणी सगळी रक्कम आधीच मागू लागला तर सलाम करून उठावे.

दुसऱ्या खेपेला आम्ही नकाशा करून घेतला आणि त्यावर किब्ल्याचा बाण स्वतः काढला. फरशीला पाच फुटांमागे एक इंच उतार धरला. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशी बसवण्याआधी, 24 तास पाणी साठवून पलीकडच्या खोलीची भिंत हाताने चाचपली. कोरडी होती, अल्हम्दुलिल्लाह.

रमजानचा चंद्र दिसला त्या संध्याकाळी अम्मी नव्या ओट्यावर बसल्या. नळ चार बोटे खाली हवा होता म्हणाल्या. नकाशा काढताना त्यांना तेवढे बसवून पाहायचे राहिले होते.