बाळाच्या हृदयात छिद्र? टूडी इकोच्या रिपोर्टमध्ये नेमके काय पाहायचे

भिवंडी तालुक्यातील अकलोली असो वा मुंबई, बाळाच्या टूडी इकोचा रिपोर्ट बहुतेकदा इंग्रजीतच हाती पडतो. त्यातील ‘व्हीएसडी ४ मिमी’ ही एक ओळ वाचून घरच्यांचा धीर सुटतो. मात्र, केवळ मिलिमीटरवरून आजार किती गंभीर आहे हे ठरत नाही.

छिद्र कुठे आहे?

एएसडी म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र, तर व्हीएसडी म्हणजे खालच्या दोन कप्प्यांमधील. ‘मस्क्युलर’ प्रकारचे लहान व्हीएसडी अनेकदा आपोआप बुजतात. पीएफओ ही गर्भातील वाट असते. सुमारे चारपैकी एका प्रौढातही ती उघडीच राहते आणि बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही.

‘ग्रेडियंट’ म्हणजे काय?

छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक. पाण्याच्या पाइपचे तोंड अंगठ्याने दाबले की धार जोरात उडते. तसेच व्हीएसडीमध्ये ग्रेडियंट जास्त असेल, तर छिद्र बहुधा लहान असते. त्यामुळे हा मोठा आकडा पाहून घाबरू नये. उलट छिद्र मोठे आणि ग्रेडियंट कमी असेल, तर फुप्फुसांवर दाब वाढल्याची शक्यता असते. ‘पीएएच’ हे शब्द दिसल्यास डॉक्टरांना त्याबद्दल आवर्जून विचारा.

पुन्हा तपासणी का?

जन्मानंतर सुरुवातीला फुप्फुसांतील दाब जास्त असतो. त्यामुळे मोठ्या व्हीएसडीची लक्षणे अनेकदा चार ते सहा आठवड्यांनी दिसू लागतात. बाळ बरे दिसते म्हणून पुढची तारीख चुकवू नका.

या लक्षणांकडे लक्ष द्या

दूध पिताना धाप लागणे, कपाळावर घाम येणे, वजन न वाढणे ही लक्षणे दिसल्यास लवकर डॉक्टरांना दाखवा. ओठ किंवा जीभ निळी पडली, तर थांबू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

मदत कुठे मिळते?

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. जन्मजात हृदयदोषाचाही त्यात समावेश आहे. आशाताई किंवा अंगणवाडीताईंकडे चौकशी करा. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात लहान मुलांवर हृदयशस्त्रक्रिया मोफत होते. जाताना बाळाचे आधीचे सर्व रिपोर्ट आणि वजनाच्या नोंदी सोबत ठेवा. दोन रिपोर्टमधला फरक पाहूनच डॉक्टर पुढचा निर्णय घेतात.