घरातल्या कापडाचा लंगोट

बाळाच्या डायपरमध्ये मुळात दोनच गोष्टी असतात: ओल शोषणारी घडी आणि ती घडी जागेवर धरणारे बांधण. बाजारातल्या डायपरला याखेरीज बाहेरून प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि आत पाणी धरून फुगणारी बारीक रासायनिक भुकटी असते. त्यामुळे तो काही तास चालतो. ती भुकटी घरात मिळत नाही. बाकीचे सगळे मिळते. म्हणून घरच्या घरी केलेला लंगोट डायपरचे काम पूर्ण करतो, फक्त तो ओला झाला की लगेच बदलावा लागतो. ही एक अट पाळली की काम भागते.

पालघर जिल्ह्यात मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याजवळ सूर्यमाळचे पठार आहे. पावसाळ्यात धुके पाहायला शहरातली मंडळी तान्ह्या मुलांना घेऊन इथे येतात. घाटात दरड आली, ओढ्याला पाणी चढले किंवा गाडीच बिघडली की मोजून आणलेले डायपर संपतात. पाड्यावरच्या दुकानात तेल, साबण, बिस्किटे असतात. हव्या मापाचा डायपर असेलच असे नाही. याच पठारावरच्या वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी घरांत मात्र पिढ्यान्‌पिढ्या बाळाला कापडच बांधले गेले. शहरात ज्याला आणीबाणी म्हणतात ती इथली रोजची रीत. इतर मराठी घरांतूनही ती जाऊन फार काळ लोटलेला नाही. बाळंतविड्यात झबले, टोपडे, कुंची, दुपटे यांच्या सोबत लंगोटांची चवड असे आणि बाळुत्यांसाठी आजीचे जुनेर आधीच बाजूला काढून ठेवलेले असे.

जुनेरच का, याला कारण आहे. नव्या सुती कापडात खळ असते आणि धाग्यावर कापसाच्या मूळ मेणाचा अंश राहतो. त्यावर पाणी थेंबाथेंबाने थांबते. अनेक धुण्यांनंतर खळ आणि मेण जाते, धागा सैल होतो, मऊ पडतो आणि पाणी ओढू लागतो. म्हणून वापरलेले सुती लुगडे, धोतर, पंचा, मलमलीची ओढणी, जुनी उशीची खोळ किंवा बनियन ही उत्तम सामग्री. परीक्षा सोपी आहे. कापडावर चमचाभर पाणी टाकावे. क्षणात जिरले तर कापड कामाचे, ओघळून गेले तर नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टर या परीक्षेत नापास होतात, आणि इथेच खरी पंचाईत आहे. आठवडी बाजारातून आज घरी येणारी स्वस्त साडी बहुतेक कृत्रिम धाग्याची असते. डायपर नसण्यापेक्षा घरात जुने सुती कापड नसणे ही मोठी टंचाई म्हणायला हवी.

घडीचे प्रकार अनेक, पण एक त्रिकोणी घडी आली की पुरे. साधारण हातभर लांबीचा चौकोनी तुकडा घेऊन कोपऱ्याला कोपरा जुळवावा. लांब बाजू बाळाच्या कमरेखाली, टोक पायांमधून वर पोटाकडे, आणि दोन्ही बाजूंची टोके पुढे आणून सैल गाठ. मध्ये दुसऱ्या कापडाची लांबट जाड पट्टी ठेवली की शोषण वाढते. मुलगा असेल तर ही पट्टी पुढच्या बाजूला जाड ठेवावी, मुलगी असेल तर मध्ये आणि मागे. वरची कड बेंबीच्या खाली दुमडावी, कारण नाळ गळून पडेपर्यंत ती कोरडी आणि उघडी राहायला हवी.

प्रवासात तुकडाही हाताशी नसेल तर मोठ्या माणसाचा सुती टी-शर्ट चालतो. तो पालथा पसरून बाळाला त्यावर असे निजवावे की बाह्या कमरेच्या रेषेत येतील. शर्टाचा खालचा भाग दोन-तीन घड्या घालून पायांमधून वर घ्यायचा आणि बाह्या त्यावरून बांधायच्या. अंग पुसायचा टॉवेल पाणी पुष्कळ धरतो, पण नवजात बाळाच्या पायांमध्ये तो फार जाड होतो. तो अर्धा कापून किंवा केवळ आतल्या पट्टीसाठी घ्यावा. बाळाला चड्डी असेल तर सुवास नसलेला सॅनिटरी पॅड आत ठेवून तासभर निभावता येते. कापूस थेट अंगाला लावू नये. त्याचे तंतू ओल्या त्वचेला चिकटून बसतात.

बांधायला फाडलेली पट्टी किंवा नाडी सगळ्यात सुरक्षित. सेफ्टी पिन लावावीच लागली तर तिच्या आणि बाळाच्या अंगाच्या मध्ये आपली दोन बोटे ठेवून लावावी. रबर बँड कधीच वापरू नये. कापडाच्या फाटक्या कडेचे सुटे दोरेही कापून टाकावेत. असा दोरा पायाच्या बोटाला किंवा लिंगाला गुंडाळला जातो, रक्त अडते आणि बाळ का रडते ते घरात कुणालाच कळत नाही.

कपडे भिजू नयेत म्हणून बाहेरून काही लावण्याचा मोह होतो. मॅरियन डोनोव्हन या अमेरिकी आईने १९४६ साली न्हाणीघराचा पडदा कापून, शिवणयंत्रावर शिवून, लंगोटावर चढवायचे आवरण तयार केले. पिनांऐवजी तिने दाबाची बटणे लावली. १९४९ पासून ते न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानात विकले गेले आणि १९५१ मध्ये तिने त्याचे हक्क १० लाख डॉलरना विकले. फेकून द्यायचा पॅम्पर्स १९६१ साली आला, म्हणजे ही घरगुती जुळवाजुळव त्याच्याही आधीची. प्लास्टिकची पिशवी मात्र पडद्याइतकी निरुपद्रवी नाही. पिशवी कापून तिची सपाट पट्टी करावी, ती दोन कापडांच्या मध्ये ठेवावी, तीही फक्त प्रवासापुरती. झोपलेल्या बाळाजवळ पिशवी असूच नये. तोंडावर गेली तर श्वास कोंडतो. घरी असताना बाळाला बाहेरून काही न चढवता खाली मेणकापड आणि त्यावर दुपटे घालणे हाच शहाणपणा.

कापड मिळाले, बांधले. पुढचा प्रश्न धुण्या-वाळवण्याचा, आणि सूर्यमाळला तो ऋतूप्रमाणे बदलतो. मोखाड्यात आणि शेजारच्या जव्हारमध्ये पावसाळ्याचे चार महिने कपडे लवकर वाळत नाहीत. दमट लंगोटाने बुरशीचे पुरळ उठते. चुलीच्या बाजूला दोरी बांधून, धूर थेट लागणार नाही अशा अंतरावर कापड पसरावे आणि शेवटी इस्त्री फिरवावी. वीज नसली तर जुन्या काळी तांब्यात निखारे भरून फिरवत, ते आजही करता येते. पावसाळ्यात कापड जास्त लागते. दिवसाला दहा-बारा बदल आणि वाळायला दोन दिवस असा हिशेब केला तर पंचवीस-तीस तुकडे हाताशी हवेत.

उन्हाळ्यात अडचण उलटी. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. अशा वेळी शी लागलेले आणि फक्त ओले झालेले लंगोट वेगळे ठेवावेत. शी आधी काढून शौचालयात टाकावी, मग थोड्या पाण्यात पहिले धुणे, आणि चांगले पाणी शेवटी कापड खळबळून काढायला राखावे, कारण कापडात राहिलेला साबण बाळाची त्वचा जाळतो. विहिरीच्या किंवा झऱ्याच्या काठावर लंगोट धुऊ नयेत. कडक ऊन मात्र फुकट मिळते, आणि जंतू मारायला ते फार उपयोगी.

दिवाळीनंतर इथली अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. तिथे बाळ साडीच्या झोळीत असते आणि थंडीची धास्ती असते. ओला लंगोट अंगावर राहिला की कमी वजनाचे बाळ झपाट्याने गार पडते. झोळीच्या तळाला गोधडीची घडी ठेवावी, ओल हाताला लागताच कापड बदलावे आणि बाळ गार वाटले तर आईच्या अंगाशी, कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण घ्यावे. लंगोट घट्ट आवळून किंवा पाय सरळ बांधून ऊब येत नाही, उलट खुब्याच्या सांध्यांना इजा होऊ शकते. बाळाचे गुडघे बेडकासारखे बाहेर पडलेलेच राहू द्यावेत.

दर बदलाला अंग कोमट पाण्याने पुसावे, मुलीला पुढून मागे. मग पूर्ण कोरडे करून, लाली दिसली तर खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. टाल्कम पावडर नको. ती श्वासात जाते. दिवसातून काही वेळ बाळाला उघडेच ठेवावे. तीन दिवसांत लाली उतरली नाही, किंवा कडेला लाल ठिपके पसरले, तर घरचे उपाय थांबवून दाखवायला न्यावे.

कापडी लंगोटाचा एक फायदा डायपरला नाही: बाळ किती वेळा लघवीला गेले ते मोजता येते. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत ६ किंवा अधिक लंगोट ओले झाले तर बाळाला दूध पुरते. त्याहून बरेच कमी झाले, लघवी गडद पिवळी दिसली किंवा बाळ दूध ओढेनासे झाले तर थांबू नये. सूर्यमाळजवळ खोडाळ्याला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय, जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय, आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आहे.